दहा राग, एक यंत्र आणि अठ्ठावीस वर्षं

हैदराबादच्या पुरानापुलाजवळ दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. रस्त्याच्या कडेने जुने पंखे, कुलपं, पितळेचे नळ, सायकलींचे सुटे भाग मांडलेले असतात आणि त्यांच्या अधेमधे रेकॉर्डींचे ढीग. एक ढीग उपसला की या शहराच्या दिवाणखान्यांचा इतिहास हाती लागतो. घंटसालांची भगवद्गीता निघते, अझीझ अहमद खान वारसींच्या कव्वाल्या निघतात, हिंदी सिनेमाच्या तबकड्या तर निघतातच. काचीगुडा किंवा सुलतान बाजाराकडच्या एखाद्या मराठी घराने जागा बदलताना रद्दीत घातलेलं ‘गीतरामायण’ही मधूनच वर येतं. मी शोधत होतो ती रेकॉर्ड यांपैकी कशाच्याच शेजारी बसणारी नाही. एचएमव्हीने 1982 मध्ये काढलेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग, राहणार मुंबई.

मूळ प्रत मिळाली नाही, आणि मिळेल अशी आशाही नव्हती. मी विकत घेतली ती हॉलंडमध्ये पुन्हा काढलेली आवृत्ती. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पुन्हा’ असा कळवला, तेव्हा पहिल्यांदा आठवण झाली ती स्कॉटलंडच्या संगीतकार सोफीची. तिच्या सुट्या गाण्यांचा ‘प्रॉडक्ट’ हा संग्रह ग्लासगोच्या एका लेबलने 2015 मध्ये काढला. रबर, धातू, बुडबुडे यांचे भास होणारे आवाज ती कुठून मुद्रित करून आणत नसे. यंत्रातल्या कोऱ्या विद्युतलहरींपासून घडवत असे. जानेवारी 2021 मध्ये अथेन्सला ती अपघातात गेली. त्या संग्रहाला 2025 मध्ये दहा वर्षं झाली म्हणून तो पुन्हा ऐकला गेला, त्याचा गौरव झाला, आणि ते योग्यच होतं. पण सोफीचे श्रोते पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होते. आपल्याकडे असाच एक माणूस होऊन गेला आणि त्याच्या रेकॉर्डीला श्रोता मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली. म्हणून हा लेख त्याच्यावर.

मागच्या रांगेतला वादक

चरणजित सिंग यांचा जन्म 1940 चा. 1960 च्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं ते मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवत होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या सगळ्यांकडे त्यांनी काम केलं. गिटार, बेस गिटार, की-बोर्ड, जे समोर येईल ते. ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड वाजतो तो त्यांचा. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवर चालणारा अकॉर्डियन. गळ्यात अडकवायचा, पण भात्याची हवा नाही, आत ट्रान्झिस्टरची मंडळं. हे गाणं ऐकलं नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि त्यातला ट्रान्झिकॉर्ड कुणाचा हे सांगू शकणाराही तितकाच दुर्मीळ.

त्या काळी गाणं मुद्रित व्हायचं ते साठ-सत्तर माणसांनी एकाच वेळी वाजवून. ताडदेवचं फिल्म सेंटर, फेमस, मेहबूब या जागा त्यासाठी ठरलेल्या. संगीतकाराच्या चालीवर अरेंजर वाद्यमेळ रचायचा आणि प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा कागद ठेवला जायचा. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी ही कागदावर बघून वाजवण्याची शिस्त स्टुडिओत रुजवली. तालमी, मग मॉनिटर, मग टेक. शेवटच्या अंतऱ्यात एक व्हायोलिन घसरलं तरी सगळं पहिल्यापासून. वादकाला पैसे मिळायचे ते त्याच्या श्रेणीप्रमाणे, पाळीवर. दर्जा राखायचा तर दोन गोष्टी हव्यात: पहिल्या नजरेत कागद वाचता येणं, आणि दुसऱ्याकडे नाही असं एखादं वाद्य हाताशी असणं.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. आपल्या सिनेसंगीतात विजेची वाद्यं आली ती कुठल्या कंपनीने किंवा सरकारने आणली म्हणून नव्हे. वादकांनी पदरचे पैसे घालून आणली. केर्सी लॉर्ड यांनी 1970 च्या दशकात मूग सिंथेसायझर आणला तो असाच. आयात कर जबर होता, त्यामुळे दौऱ्यावर किंवा प्रवासात परदेशी गेलेला वादक येताना पेटी घेऊन यायचा. मग ज्याच्याकडे नवा आवाज, त्याला बोलावणं. चरणजित सिंग यांनी आपली यंत्रं सिंगापूरहून आणली.

सिनेमाचं काम नसेल तेव्हा ते स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नांत वाजवत. एचएमव्हीसाठी सिनेगीतांच्या वाद्यधुनाही त्यांनी केल्या. या वाद्यधुनांची एक स्वतंत्र परंपरा आहे. व्हॅन शिप्ले यांची गिटार आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन मराठी श्रोत्यांनी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत कितीदा ऐकला असेल. चाल ओळखीची, गाणारं कुणी नाही. लोकांना ओठांत शब्द घोळवता यायचे म्हणून त्या तबकड्या खपत. ‘टेन रागाज’ याच दुकानातला माल म्हणून निघाली. प्रयोगशील कलावंताचं बंड वगैरे ते नव्हतं. कामकरी वादकाने सुचलेली एक नवी कल्पना कंपनीपुढे ठेवली आणि कंपनीने होकार दिला, एवढंच. मला ही गोष्ट त्या रेकॉर्डीबद्दलच्या सगळ्या दंतकथांपेक्षा मोलाची वाटते.

चंदेरी पेटी

यंत्रं तीन होती आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. इकुतारो काकेहाशी यांनी ही कंपनी 1972 मध्ये ओसाकाला काढली. पहिलं यंत्र ज्युपिटर-8, 1981 चा मोठा सिंथेसायझर, एका वेळी आठ सूर धरणारा. दुसरं टीआर-808, 1980 मध्ये आलेलं तालयंत्र. त्यात कुठल्याही खऱ्या ढोलाचा मुद्रित आवाज नाही. प्रत्येक ठोका विजेच्या मंडलातून तयार होतो. तिसरी पेटी सगळ्यांत लहान, चंदेरी प्लास्टिकची, टीबी-303.

ही तिसरी पेटी तादाओ किकुमोतो यांनी बनवली ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यासाठी. बेस वाजवणारा जोडीदार नसेल तर पेटीने ती साथ करावी हा हेतू. हेतू फसला, कारण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. शिवाय तिला शिकवणं त्रासाचं. आधी सोळा घरांत एकामागून एक सूर भरायचे. मग दुसऱ्या पायरीला त्याच घरांची लय सांगायची: इथे सूर वाजव, इथे लांबव, इथे गप्प बस. सूर वेगळे आणि काळ वेगळा, त्यामुळे एक चूक झाली की सगळी रचना एका घराने सरकते. कधी कधी ती सरकलेली रचनाच मूळ रचनेपेक्षा चांगली निघते, आणि या पेटीवर काम करणारे त्या अपघातांची वाट बघतात.

प्रत्येक सुराला आणखी दोन सूचना देता येतात. एक आघात: तो सूर जोरात येतो आणि त्याला धार चढते. दुसरी घसर: एका सुरावरून पुढच्या सुरावर न तुटता सरकायचं. बाकी काम गोल खुंट्यांचं. त्यांतली एक आवाजाची चमक कमी-जास्त करते, दुसरी त्या चमकेच्या कडेला शिट्टीसारखा पीळ देते. रचना फिरत असताना या दोन खुंट्या हळूहळू वळवल्या की तोच सोळा सुरांचा तुकडा किंचाळतो, कुजबुजतो, रडतो.

तालयंत्र आणि ही पेटी यांच्यात एक तार जोडली की दोघी एका ठोक्यावर चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी मिडी पद्धत 1983 मध्ये आली. चरणजित सिंग यांचं काम त्याच्या आधीचं. घरी बसून त्यांनी या यंत्रांची सांगड घातली, ती ऐकायला बरी वाटली, मग रेकॉर्ड करायचं ठरवलं, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. सिनेमात तेव्हा जिकडेतिकडे डिस्को होता. त्यातलं काही वेगळं करावं म्हणून राग घेतले आणि तबला काढून टाकला.

पाच मिनिटांचा ललत

तबकडीवर ललत आहे, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी आहेत. दोन बाजूंना पाच-पाच राग, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. आमच्या घरी भीमसेनांचा मालकंस ऐकत वाढलेली एक पिढी अजून आहे. त्यांना ही रेकॉर्ड लावून दिली तर पहिला प्रश्न येतो: याला राग म्हणायचं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन या रेकॉर्डीचं कौतुक करणं मला पटत नाही.

अडचण सुरांचीच आहे. या यंत्रांत सप्तकाचे बारा समान भाग असतात. तोडीचा गंधार गवई जितका उतरवून लावतो तितका तो पट्टीवर सापडत नाही. हाच आक्षेप पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर होता, आणि त्यापायी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवलं होतं. सिंथेसायझरकडे मात्र हार्मोनियमकडे नसलेली एक सोय आहे. डाव्या हाताशी एक दांडी असते, ती सरकवली की सूर वाकतो. चरणजित सिंग यांच्या वादनात मींड येते ती अशी. उजवा हात स्वरावर, डावा हात त्या स्वराला ओढून नेणारा. सतार किंवा सारंगीची खोली तिला नाही. पण ‘मेघमल्हार’ ऐकताना ती मींड मला खोटी वाटली नाही, कारण ती कुठे घ्यायची हे वाजवणाऱ्याला ठाऊक आहे.

जाणकारी खरी दिसते ती खालच्या अंगाला. वर राग चालतो, खाली टीबी-303 एक छोटा तुकडा अखंड फिरवते. तंबोऱ्याचं जे काम, आधार देण्याचं आणि रागाचं वातावरण उभं करण्याचं, ते या तुकड्यावर पडतं. आता डिस्कोचा बेस लावायचा तर हात सहज षड्ज-पंचमावर जातो. पण ललतात पंचम नाही, मालकंसातही नाही. तिथे नेहमीची चाल लावली की रागच मोडला. तंबोरासुद्धा अशा वेळी मध्यमाला मिळवतात. यंत्राच्या सोळा घरांत कोणते सूर भरायचे आणि कोणते चुकूनही भरायचे नाहीत, हे ठरवायला राग माहीत असावाच लागतो. यंत्राला स्वतःचं काहीच माहीत नसतं.

आणि विलंबित? आलाप? ते जवळपास नाहीतच. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीने धावतो, बढत होते ती सुरांच्या दाटीने. ख्यालाच्या मापाने मोजलं तर ही मांडणी तोकडी आहे, हे मान्यच करावं. पण तिचं नातं ख्यालाशी जोडूच नये. बँडवाल्याने वाजवलेला दुर्गा, सनईवाल्याने वरातीत काढलेली धून, सिनेमातला तीन मिनिटांचा यमन यांच्या रांगेत ती बसते, आणि त्या रांगेत तिचं स्थान फार वरचं आहे.

तेव्हा कुणी का ऐकली नाही

1982 हे वर्ष डिस्कोला वाईट नव्हतं. बिद्दूंच्या संगीतावर नाझिया हसनने गायलेलं ‘कुर्बानी’तलं गाणं 1980 पासून गाजत होतं, 1981 मध्ये ‘डिस्को दीवाने’ आली, आणि 1982 संपता संपता बप्पी लाहिरींच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर आला. पण डिस्कोच्या श्रोत्याला गाणं हवं होतं, गाणारा चेहरा हवा होता. रागाच्या श्रोत्याला तबला हवा होता. वाद्यधुनांच्या गिऱ्हाइकाला ओळखीची सिनेमाची चाल हवी होती. या तिघांपैकी कुणासाठीच ही तबकडी नव्हती. त्यातच कॅसेटचा जमाना आला आणि तबकड्यांचा धंदाच खाली बसला. आकाशवाणीवर तिचा काही भाग वाजला. पुढे काही नाही. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

इकडे हे, आणि तिकडे अमेरिकेत त्याच पेट्यांचं नशीब उलटत होतं. टीबी-303 चं उत्पादन 1984 मध्ये बंद पडलं. न खपलेल्या पेट्या जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात आल्या आणि पैसे नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागल्या. शिकागोतल्या फ्यूचर या गटाने तिच्या खुंट्या पिळून केलेली ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड 1987 मध्ये आली. तिथून ॲसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला आणि युरोपभर पसरला. ज्या पेटीला गिऱ्हाईक नव्हतं तिचे भाव आकाशाला भिडले.

दिल्लीतलं दुकान

एदो बाउमन हा हिंदी सिनेसंगीताचा नाद असलेला डच संग्राहक. 2002 मध्ये दिल्लीच्या एका दुकानात त्याला ही तबकडी मिळाली. ठेका, घसरणारा बेस, चिरका पीळ, सगळं शिकागोसारखं आणि साल 1982. पुढे त्याने मुंबईत चरणजित सिंग यांना शोधून काढलं आणि 2010 मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती पुन्हा काढली. अनेकांचा विश्वास बसेना. कुणा इंग्रज संगीतकाराने गंमत म्हणून केलेली बनावट रेकॉर्ड असावी, अशी शंका उघड बोलली गेली. भारतातल्या एका साध्या स्टुडिओ-वादकाला हे आधी जमलं असेल, हे पचायला जड गेलं.

मग पारडं दुसऱ्या टोकाला गेलं. ‘ॲसिड हाउसचा जनक भारतीय’ असे मथळे झळकले. आपल्याला असे मथळे आवडतात. तरीही मला ते मान्य नाहीत. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असं मानायला काहीही आधार नाही. चरणजित सिंग पाच वर्षं आधी होते हे खरं. शिकागोचं संगीत त्यांच्यापासून निघालं हे खरं नाही. दोन गावांत दोन माणसांनी एकच यंत्र घेतलं आणि कारखान्याने सांगितलेला उपयोग बाजूला ठेवून आपल्या कानाला विचारलं. एकाच्या कानात नाचघर होतं, दुसऱ्याच्या कानात मालकंस. जनकपणाचा खोटा मान दिला नाही म्हणून चरणजित सिंग यांचं काही कमी होत नाही.

तबकडीचा खरा प्रभाव 2010 नंतरचा आहे. विजेच्या वाद्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या तरुणांनी ती ऐकली, अभ्यासली. सत्तरीतल्या चरणजित सिंग यांना युरोपातून बोलावणी आली आणि अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वीचे ते राग त्यांनी मंचावर वाजवले. समोर नाचणारी पोरं त्यांच्या नातवंडांच्या वयाची. जुलै 2015 मध्ये मुंबईत ते गेले.

तीनमारच्या रस्त्यावर

हैदराबादला परत येऊ. इथे लग्नाची वरात असो, बोनालूची मिरवणूक असो की टँक बंडकडे निघालेला गणपती, तीनमारचा ठेका लागतोच. मर्फा वाजवणारे गटही अजून दिसतात. निजामाच्या फौजेत आलेल्या सिद्दींचा तो वारसा. पण आज बहुतेक बँडांत गाडीवर एक माणूस स्टँडपुढे उभा असतो आणि आठ रबरी चौकोनांवर काठ्या मारत असतो. तो ऑक्टापॅड. तोही रोलँडचाच, 1985 पासूनचा. त्यातून ढोलक निघतो, डफ निघतो, ताशा निघतो. वाजवणारा आपल्या गल्लीचा ठेका त्यात भरून ठेवतो.

त्या वादकाकडे नीट पाहावं. डाव्या काठीने तो धरून ठेवतो, उजव्या काठीने भर घालतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय जड झाले की गती किंचित चढवतो. परदेशी यंत्र, शिकवणी नाही, पुस्तिका वाचलेली नाही, आणि तरी हाताखाली अस्सल तीनमार. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये केलं ते याच जातीचं काम. एवढाच फरक की त्यांचं काम तबकडीवर उमटलं म्हणून उरलं. मिरवणुकीतल्या वादकाचं काम त्या रात्रीपुरतं.

यंत्रांनी माणसांची कामं घेतली हेही इथेच सांगायला हवं. साठ वादकांचा मेळ एका की-बोर्डवर येऊ लागला तसे मुंबईचे व्हायोलिनवाले घरी बसले. चरणजित सिंग यांचा सिंथेसायझर या बदलाचाच भाग होता. तो कौतुकाचा विषय आहे म्हणून ती झळ नव्हती असं होत नाही.

नावं

सिनेमाच्या जुन्या तबकड्यांच्या पाठीमागे संगीतकार, गीतकार, गायक एवढीच नावं असतात. वादकांची नसतात. म्हणून ती शोधायला माणसं बाहेरून यावी लागली. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे ग्रेगरी बूथ यांनी मुंबईत वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक केलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला होता. गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर केलेल्या कामाच्या फिती कपाटात पडून होत्या. त्या उजेडात आणल्या इंग्लंडच्या पॉल पर्गस यांनी, आणि रेकॉर्ड निघाली 2023 मध्ये. लॉर्ड घराण्यावरचा ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा रुद्रदीप भट्टाचार्जी यांचा माहितीपट आपल्याकडून झालेला मोलाचा अपवाद. केर्सी लॉर्ड 2016 मध्ये गेले. मराठी सिनेसंगीताला आकार देणाऱ्या जोडीतले अरुण पौडवाल 1991 मध्येच गेले, अनिल मोहिले 2012 मध्ये. त्यांच्या मेळात कोण काय वाजवत होतं, हे सांगणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत.

हे काम विद्यापीठांची वाट न बघता घराघरांतून होऊ शकतं. हैदराबाद, नांदेड, लातूर, सोलापूर, पुणे, मुंबई, कुठेही, तुमच्या घरात किंवा वाड्यात कुणी ऑर्केस्ट्रात, मेळ्यात, बँडमध्ये, आकाशवाणीवर, स्टुडिओत वाजवलं असेल, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा. कोणतं वाद्य, कुणाकडून शिकले, ते कुठून आणलं, कितीला पडलं, कोणत्या गाण्यात वाजवलं, पाळीचे किती मिळाले, हे विचारा. बोलणं फोनवर मुद्रित करा आणि नावं, गावं, सालं कागदावर उतरवून त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या. जुन्या तबकड्या, फिती, नोटेशनच्या वह्या भंगारवाल्याकडे जाण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. आणि ‘टेन रागाज’ अजून ऐकली नसेल तर ललतापासून सुरुवात करा.